पिंपांतून सूर घडविणारे एली मॅनेट

वीणा प्रथम कोणी जुळविली, मृदंगावर पहिली थाप कोणी मारली, हें आज कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. बहुतेक वाद्यांचे जन्म काळाच्या उदरांत गडप झाले आहेत आणि त्यांच्या कर्त्यांच्या जागीं देवदेवतांचीं नांवें आलीं आहेत. परंतु जगांत एक वाद्य असें आहे कीं, त्याचा जन्म विसाव्या शतकांत लोकांच्या डोळ्यांदेखत झाला; तें ज्यांनीं घडविलें त्यांचीं नांवें व वस्त्या ठाऊक आहेत; आणि त्यांपैकीं कांहीं जण अगदीं अलीकडेपर्यंत हयात होते. तें वाद्य म्हणजे स्टीलपॅन. तेलाच्या लोखंडी पिंपाचा तळ घणानें ठोकून व त्यावर सुरांचीं घरें पाडून तें तयार करितात, आणि टोंकांस रबर गुंडाळलेल्या दोन आंखूड काठ्यांनीं वाजवितात. ऐकणाऱ्यास आपण लोखंडाचा आवाज ऐकत आहों असें वाटतच नाहीं. जलतरंगाची गोडी व घंटेचा घुमार यांचा संगम झाल्याचा भास होतो.

या वाद्याच्या घडणींत ज्यांचा वांटा फार मोठा, त्या ट्रिनिडाडच्या एली मॅनेट यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे. मॅनेट यांच्या चरित्रांत राजवाडे नाहींत, लढाया नाहींत, अपार संपत्तीहि नाहीं. तीक्ष्ण कान, हातांतील हातोडा आणि उभ्या जन्मभर एकाच कामाशीं राखलेली निष्ठा, एवढाच त्यांचा ऐवज. परंतु ज्या मुलांस प्रतिष्ठित लोक उनाड म्हणून हिणवीत त्यांच्यांतूनच ते पुढें आले, ही गोष्ट शिक्षकांनीं व आईबापांनीं मनांत घोळविण्याजोगी आहे.

ढोल गेला, बांबू आला

ट्रिनिडाड हें बेट वेस्ट इंडीज द्वीपमालेच्या दक्षिण टोंकास, दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशाच्या किनाऱ्याजवळ आहे. तेथील राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. क्रिकेटची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांस हें नांव नवें नाहीं. याच शहरांतील क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर १९७१ च्या मार्च महिन्यांत भारतानें वेस्ट इंडीजवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला. मूळचे गोव्याचे दिलीप सरदेसाई यांनीं त्या सामन्यांत ११२ धावा काढल्या, व मुंबईच्या सुनील गावसकर यांनीं आपल्या पहिल्याच कसोटींत ६५ व नाबाद ६७ धावा केल्या. याच मैदानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, मॅनेट यांच्या वादकपथकाचें अंगण होतें. त्या अंगणांत एक नीरफणसाचें झाड होतें, व त्याच्या सावलींत पिंपें ठोकण्याचें व तालमींचें काम चाले. स्टीलपॅन पथकाच्या अशा अंगणास तेथें 'पॅनयार्ड' म्हणतात.

पिंपांतून संगीत काढण्याची पाळी तेथील लोकांवर कां आली, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. या बेटावर इंग्रजांच्या अमलांत उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेंतून आणिलेले गुलाम राबत असत. १८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, आणि १८३८ सालीं त्या लोकांस पूर्ण मुक्तता मिळाली. मुक्त झालेल्या लोकांनीं ख्रिस्ती पंचांगांतील उपवासकाळापूर्वीं येणारा कार्निव्हलचा सण आपलासा केला. मिरवणुकींत ढोल हा त्यांचा प्राण होता. तथापि राज्यकर्त्यांस त्या ढोलांच्या आवाजांत दंग्याची हूल ऐकूं येई. १८८१ सालच्या कार्निव्हलांत लोक व पोलीस यांच्यांत मोठी चकमक उडाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ढोल वाजविण्यावर कायद्यानें कडक निर्बंध आले.

ढोल गेला, पण ताल जावयाचा नव्हता. लोकांनीं निरनिराळ्या लांबीचे व जाडीचे बांबू तोडले. लांब बांबू जमिनीवर आपटावयाचे, आंखूड बांबू एकमेकांवर वाजवावयाचे. या वाद्यमेळास 'टॅम्बू बॅम्बू' असें नांव पडलें, आणि पुढें सुमारें अर्धशतक कार्निव्हलाच्या मिरवणुकी त्याच्याच तालावर चालल्या. परंतु बांबू आपटून आपटून फुटतो. १९३० नंतरच्या वर्षांत वस्तीवस्तींतील पोरांनीं बिस्किटांचे व रंगाचे रिकामे डबे, केराचीं पिंपें, मोटारींचे टाकून दिलेले भाग, असें जें जें हातीं लागलें तें तें बडविण्यास सुरुवात केली. धातु फुटत नाहीं व त्याचा आवाज दूरवर जातो. बडवितां बडवितां त्यांच्या ध्यानांत एक चमत्कारिक गोष्ट आली: डब्याच्या तळास जेथें पोंचा येतो तेथून निराळा सूर निघतो, आणि पोंच्याचा आकार बदलला कीं सूरहि बदलतो. एवढ्या एका निरीक्षणांतून पुढील सारा इतिहास निघाला आहे.

वुडब्रुकमधील मुलगा

एलियट अँथनी मॅनेट यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९२७ रोजीं ट्रिनिडाडच्या ईशान्य किनाऱ्यावरील सां सूसी या खेड्यांत झाला. पुढें त्यांचें कुटुंब पोर्ट ऑफ स्पेन शहराच्या वुडब्रुक या भागांत राहावयास आलें. डबे वाजवीत जाणाऱ्या पथकांचा नाद एलीस लहान वयांतच लागला. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं आपलें एक पथक उभें केलें. जवळच्या मैदानावरून त्यास प्रथम 'ओव्हल बॉइज' म्हणत; पुढें त्यानें 'इन्व्हेडर्स', म्हणजे स्वारी करणारे, असें नांव धारण केलें, आणि त्याच नांवानें तें प्रसिद्धीस आलें.

दुसरें महायुद्ध चालू असतां, १९४२ पासून १९४५ पर्यंत, सरकारनें रस्त्यावरील कार्निव्हल बंद ठेविला होता. मिरवणूक नाहीं म्हणून पोरें स्वस्थ बसलीं नाहींत. घरामागच्या अंगणांत प्रयोग चालूच राहिले. एखाद्या वस्तींतील पोरानें डब्यावर चौथा सूर बसविला कीं शेजारच्या वस्तींत पांचवा बसविण्याची ईर्ष्या उत्पन्न होई. युद्ध संपतांच हीं पथकें रस्त्यावर आलीं, तेव्हां नुसत्या तालाच्या जागीं साध्या चाली ऐकूं येऊं लागल्या होत्या.

युद्धानें आणखी एक गोष्ट बेटावर आणून टाकिली. १९४१ पासून तेथें अमेरिकेच्या सैन्याचे तळ पडले होते. शिवाय ट्रिनिडाडांत खनिज तेलहि निघतें. त्यामुळें ५५ गॅलनांचीं, म्हणजे सुमारें २०८ लिटर मावतील अशीं, लोखंडी पिंपें ठिकठिकाणीं रिकामीं पडून असत. लहान डब्याच्या तळावर थोडेच सूर मावत. या रुंद पिंपावर पुष्कळ मावतील, हें मॅनेट यांनीं हेरलें. १९४६ च्या सुमारास त्यांनीं असें पिंप पॅनासाठीं उपयोगांत आणिलें.

त्याहून महत्त्वाची त्यांची कल्पना म्हणजे तळाचा आकार. तोंपर्यंत डब्याचा तळ घुमटासारखा बाहेर फुगवून त्यावर सूर पाडीत असत. मॅनेट यांनीं तोच तळ परातीसारखा आंत दाबून खोलगट केला. अशा खोलगट पृष्ठावर अधिक घरें एकमेकांस न बिघडवितां बसतात, व वादकाचे दोन्ही हात सर्व घरांवर सहज फिरतात, असें आढळून आलें. काठ्यांच्या टोंकांस रबर गुंडाळण्याची युक्तीहि त्यांचीच मानतात. उघड्या काठीचा ठोका कर्कश असे. रबरानें तो मऊ झाला आणि धातूंतील गोडवा बाहेर आला. आज जगांत कोठेंहि स्टीलपॅन वाजत असो, त्याचा तळ खोलगट असतो व काठीच्या टोंकास रबर असतें.

पॅन कसें घडवितात

पिंपाचें वाद्य कसें होतें, हें येथें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. नाहीं तर मॅनेट यांच्या कौशल्याची कल्पना यावयाची नाहीं.

प्रथम पिंप उपडें ठेवून त्याचा तळ घणानें हळूहळू ठोकीत आंत खोल नेतात. घाई केली तर पत्रा फाटतो; ठोके असमान पडले तर पुढें सूर नीट बसत नाहींत. योग्य खोली साधल्यावर त्या खोलगट पृष्ठावर सुरांचीं घरें आंखून घेतात. खालच्या सुरास मोठें घर लागतें व वरच्या सुरास लहान. म्हणून मोठीं घरें कडेला व लहान घरें मध्यभागीं येतात. मग खिळ्यासारख्या बोथट अवजारानें प्रत्येक घराची सीमा ठोकून रेखितात, आणि तें घर खालून ठोकून किंचित् वर उचलतात. त्यानंतर पिंपाची बाजू हव्या तितक्या उंचीवर कापतात. उंच सुरांच्या पॅनास वीतभर बाजूहि पुरते. खर्जाच्या पॅनास मात्र अखंड पिंप ठेवितात. पुढें पिंप आगीवर तापवितात, त्यामुळें ठोकून ताणलेल्या पत्र्यास स्थैर्य येतें. शेवटीं खरी परीक्षा, म्हणजे जुळवणी. लहान हातोडीनें घराच्या वरून व खालून बारीक ठोके देत सूर चढवावयाचा किंवा उतरवावयाचा. यांत अडचण अशी कीं सर्व घरें एकाच पत्र्याचीं असल्यामुळें एक सूर जुळवावयास जावें तों शेजारचा बिघडतो. पुन्हां तो जुळवावा तों पहिला किंचित् हलतो. अशा रीतीनें फिरून फिरून सर्व घरांची समजूत घालावी लागते.

याहूनहि सूक्ष्म एक गोष्ट आहे. तंबोरा उत्तम जुळला असतां त्यांतून षड्ज-पंचमाखेरीज गांधारहि आपोआप ऐकूं येतो, हें गायनाची गोडी असणाऱ्यांस ठाऊक आहे. प्रत्येक सुराच्या पोटांत असे वरचे सूर दडलेले असतात, आणि ते मूळ सुराशीं प्रमाणांत असले तरच कानास गोड लागतात. तारेंत तें प्रमाण बहुतांशीं स्वभावतःच असतें. चामड्याच्या पडद्यांत किंवा पत्र्यांत नसतें. म्हणूनच साधा ढोल ताल देतो पण स्पष्ट सूर देत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं तबल्याच्या व मृदंगाच्या पुडीवर शाई बसवून हें प्रमाण साधलें. त्यामागील शास्त्र सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं व पुढें १९३४ सालीं आपल्या संशोधनानें जगापुढें मांडिलें. शाईनें पुडीवर जें साधतें तें मॅनेट यांनीं पत्र्याच्या घरांत हातोडीनें साधलें. एकाच घरांत मूळ सूर, त्याचें वरचें सप्तक आणि त्याच्याहि वरचा पंचम असे निरनिराळे जुळवून देण्यांत त्यांचा हातखंडा होता. इन्व्हेडर्स पथकाच्या नादाचें माधुर्य सर्व बेटांत गाजलें, याचें कारण हेंच होय.

एका पिंपावर सर्व सूर मावत नाहींत, म्हणून पॅनांचें एक कुटुंबच तयार झालें आहे. मुख्य चाल वाजविणारें एकाच पिंपाचें. त्याखालचे सूर देणारें दोन पिंपांचें. मधले स्वर भरून काढणारीं दोन, तीन वा चार पिंपांचीं. आणि खर्जासाठीं सहा किंवा अधिक अखंड पिंपें एकाच वादकाभोंवतीं मांडलेलीं. हीं सर्व एकत्र वाजलीं म्हणजे पाश्चात्य वाद्यवृंदाइतका भरीव मेळ होतो, आणि त्यांतील सारीं वाद्यें पिंपांचींच असतात.

पथक चालविणें

पथकाच्या पुढाऱ्यास तेथें 'कॅप्टन' म्हणतात. इन्व्हेडर्सचे कॅप्टन या नात्यानें मॅनेट यांच्यावर जें काम पडे तें वाद्य घडविण्याहून सोपें नव्हतें. त्या काळच्या बहुतेक वादकांस स्वरलेखन वाचतां येत नसे. पुढाऱ्यानें एकेक ओळ वाजवून दाखवावी, वादकानें ती कानानें उचलावी, आणि चुकली तर पुन्हां पहिल्यापासून, अशा पद्धतीनें सारें पथक तयार होई. शिवाय तापट डोक्याच्या तरुणांस एकत्र बांधून ठेवावयाचें होतें. तेव्हांचा समाज या तरुणांकडे कोणत्या दृष्टीनें पाही, हें जाणल्याशिवाय या कामाचें मोल कळावयाचें नाहीं.

पॅन वाजविणारा म्हणजे गुंड, असें समीकरण सर्वत्र रूढ झालें होतें. गोंगाटाच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येत. पोलीस पॅनें जप्त करीत. चांगल्या घरच्या मुलानें पॅनयार्डांत पाऊल टाकलें तर घरीं मार बसे. देवभीरु म्हणविणाऱ्या कुटुंबांनींहि आपलीं दारें लावून घेतलीं. ही तक्रार सर्वस्वी निराधार होती असें मात्र म्हणतां येत नाहीं. पथकापथकांत वैर असे, व कार्निव्हलच्या रस्त्यावर दोन पथकें समोरासमोर आलीं कीं काठ्या, बाटल्या व सुरे बाहेर पडत. १९५० च्या कार्निव्हलांत मॅनेट यांचें इन्व्हेडर्स व 'टोकियो' नांवाचें पथक यांच्यांत झालेली मारामारी अद्याप तेथील लोकांच्या स्मरणांत आहे. विद्या एका हातीं व दांडगाई दुसऱ्या हातीं, अशी त्या पिढीची अवस्था होती.

परंतु कांहीं थोड्या जाणत्यांनीं दांडगाई पाहून विद्या फेंकून दिली नाहीं. लेखक व राजकारणी पुढारी आल्बर्ट गोम्स यांनीं या वादकांचा पक्ष जाहीरपणें घेतला. बेरिल मॅकबर्नी या नृत्यशिक्षिकेनें १९४८ सालीं वुडब्रुकमध्यें 'लिटल कॅरिब थिएटर' उघडलें, व इन्व्हेडर्सच्या वादकांस आपल्या रंगभूमीवर मानानें बसविलें. १९४९ सालीं सरकारनें या पथकांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि लौकरच पथकांची एक संघटना स्थापन झाली. जीं पथकें रस्त्यावर एकमेकांचीं डोकीं फोडीत तीं हळूहळू स्पर्धेच्या व्यासपीठावर एकमेकांस जिंकूं लागलीं. १९५१ च्या सुमारास तर 'गर्ल पॅट' नांवाचें केवळ मुलींचें पथकहि निघालें, व पूर्वीं ज्या घरांचीं दारें बंद होतीं त्यांच्याच लेकी त्यांत पॅन वाजवूं लागल्या.

लंडनची सफर

१९५१ सालीं लंडन येथें 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' नांवाचा मोठा राष्ट्रीय उत्सव भरावयाचा होता. त्यासाठीं ट्रिनिडाडच्या निरनिराळ्या पथकांतील निवडक वादकांचें एक संयुक्त पथक उभारण्यांत आलें. 'ट्रिनिडाड ऑल स्टील पर्कशन ऑर्केस्ट्रा' हें त्याचें लांबलचक नांव. त्याच्या आद्याक्षरांवरून लोक त्यास 'टॅस्पो' म्हणत. लोकांनीं वर्गणी जमवून त्यांच्या प्रवासास हातभार लाविला. मॅनेट या पथकांत होते. कालपर्यंत जे एकमेकांच्या वस्तींत जावयास धजत नव्हते ते तरुण आतां एकाच मेळांत शेजारीं शेजारीं उभे राहिले.

त्यांस शिकविण्यास लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ या अनुभवी बँडमास्तरांस बोलाविण्यांत आलें. ते मूळचे बार्बाडोसचे. त्यांनीं पाहिलें कीं मुलांचे कान उत्तम आहेत, परंतु पॅनांवर सर्व सूर नाहींत. कोणावर कांहीं कोमल सूर नाहींत, तर खर्जाच्या पिंपावर मोजकेच. ज्या पॅनावर सर्व सूर नाहींत त्यावर सर्व प्रकारचें संगीत वाजणार कसें? त्यांनीं सर्व बाराहि सुरांचा आग्रह धरला. वादकांस तें प्रथम जड गेलें. परंतु मॅनेट, अँथनी विल्यम्स व इतर कारागीर यांनीं हट्ट न धरतां पिंपें नव्यानें ठोकलीं आणि एका पिंपावर भागत नाहीं तेथें दोन-तीन पिंपें जोडून वाद्य पुरें केलें. ज्या तरुणांस बेशिस्त म्हणून हिणविलें गेलें त्यांनीं शिस्तीचा पहिला धडा किती लौकर घेतला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१९५१ च्या जुलै महिन्यांत हें पथक जहाजानें निघालें व त्याच महिन्यांत लंडनमध्यें टेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील उत्सवस्थळीं वाजलें. रंग उडालेलीं, गंज चढलेलीं पिंपें पाहून प्रेक्षकांस प्रथम मौज वाटली. संगीत सुरू होतांच मौजेच्या जागीं आश्चर्य आलें. पुढें पॅरिस येथेंहि त्यांचे कार्यक्रम झाले. त्यांतील स्टर्लिंग बेटनकोर्ट हे इंग्लंडमध्येंच राहिले, आणि तेथें पॅनाची परंपरा रुजविण्यांत त्यांचा मोठा हात लागला. मायदेशींहि याचा परिणाम झाला. परक्यांनीं टाळ्या वाजविल्यावर घरच्यांस आपल्या मुलांची किंमत कळली. हें कांहींसें खेदाचें आहे, परंतु जगांत असें पुष्कळदां घडतें.

श्रेय कोणाचें?

स्टीलपॅनचा शोध एकट्या मॅनेट यांनीं लाविला, असें कोणी म्हणेल तर तें यथार्थ होणार नाहीं. विन्स्टन 'स्प्री' सायमन यांनीं १९४६ च्या कार्निव्हलांत गव्हर्नरसाहेबांसमोर पॅनावर ओळखतां येण्याजोग्या चाली वाजविल्या, म्हणून त्यांच्या वस्तीचे लोक पहिला मान त्यांस देतात. नेव्हिल ज्यूल्स यांनीं साथीचीं व खर्जाचीं पॅनें पुढें आणिलीं. अँथनी विल्यम्स यांनीं सुरांचीं घरें अशा क्रमानें मांडलीं कीं प्रत्येक सुराच्या एका बाजूस त्याचा पंचम व दुसऱ्या बाजूस त्याचा मध्यम यावा; ही मांडणी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, व पुढें तीच सर्वत्र अधिक रूढ झाली. एकानें तळ आंत दाबला, दुसऱ्यानें घरें सावरलीं, तिसऱ्यानें खर्ज भरला. विहीर खोदणारे पुष्कळ असतात. पाणी लागतें त्या वेळीं ज्याच्या हातीं कुदळ असते त्याचें नांव होतें. मॅनेट यांची थोरवी ही कीं पाणी लागल्यावरहि त्यांनीं कुदळ खालीं ठेविली नाहीं. इंग्लंडमध्यें संगीताचें रीतसर शिक्षण घेण्यासाठीं त्यांस शिष्यवृत्ति मिळत होती. परंतु तिच्यापायीं पॅनाचें काम सोडणें त्यांस रुचलें नाहीं, व ती त्यांनीं नाकारली.

विद्या वांटली गेली

१९५७ सालीं अमेरिकन आरमाराचे अ‍ॅडमिरल डॅनियल गॅलरी यांनीं ट्रिनिडाडचा कार्निव्हल पाहून आपल्या खलाशांचें एक स्टीलपॅन पथक काढलें. त्या पथकाच्या पॅनांची घडण व जुळवणी यांत मॅनेट यांचें साहाय्य झालें. पुढें १९६७ सालीं ते कायमचे अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क शहराच्या गरीब वस्त्यांतील मुलांसाठीं मरे नॅरेल नांवाचे एक समाजसेवक काम करीत होते. त्यांच्या बोलावण्यावरून मॅनेट त्या मुलांस पॅन घडविण्यास व वाजविण्यास शिकवूं लागले. वुडब्रुकच्या अंगणांत जें घडलें तेंच आतां दुसऱ्या देशांतील गल्ल्यांत घडूं लागलें: रस्त्यावर फिरणाऱ्या मुलाच्या हातांत काठ्या आल्या, आणि त्या मारामारीच्या नव्हत्या.

१९९१ सालीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, वेस्ट व्हर्जिनिया विश्वविद्यालयानें त्यांस आपल्या येथें नेमिलें. तेथें त्यांनीं जें केलें तें आम्हां शिक्षकांच्या दृष्टीनें त्यांच्या साऱ्या शोधांहून मोठें आहे. आपल्याकडील जुने गवई आपली चीज जिवापलीकडे जपत व बहुधा पुत्रास किंवा पट्टशिष्यासच देत. पॅन जुळविण्याची विद्याहि अशीच गुप्त मानली जाई; ती अंगणाबाहेर जाऊं देत नसत. मॅनेट यांनीं तिचें दार उघडलें. घण कसा धरावा येथपासून घरांतील दडलेले सूर कसे जुळवावे येथपर्यंत सारें त्यांनीं पायरीपायरीनें शिकविलें, आणि हाताखालीं जुळवणी करणाऱ्यांची एक नवी पिढी तयार केली. शुभवर्तमानांतील रुप्यांच्या दाखल्यांत धन्यानें सोंपविलेलें द्रव्य एका दासानें जमिनींत पुरून ठेविलें, तर इतरांनीं तें व्यवहारांत घालून वाढविलें. मॅनेट यांनीं आपल्या वांट्यास आलेलें द्रव्य पुरून ठेविलें नाहीं.

त्यांस मानसन्मानहि मिळाले. १९९९ सालीं अमेरिकेची 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' त्यांस देण्यांत आली. २००० सालीं वेस्ट इंडीज विश्वविद्यालयानें सन्मान्य डॉक्टर ही पदवी दिली. मायदेशाच्या सरकारनेंहि पदक देऊन गौरव केला. ज्या वाद्याबद्दल पोलीस मागें लागत तेंच वाद्य स्वतंत्र ट्रिनिडाड व टोबॅगोनें १९९२ सालीं आपलें राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केलें. २९ ऑगस्ट २०१८ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, मॅनेट यांनीं वेस्ट व्हर्जिनियांतील मॉर्गनटाउन येथें देह ठेविला. २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून मान्य केला. तें पाहण्यास ते उरले नव्हते.

विद्यार्थीमित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध हातोडीच्या ठोक्यांत आहे. उत्तम पॅन एका दणक्यानें होत नाहीं. हजारों लहान ठोके, आणि प्रत्येक ठोक्यानंतर थांबून ऐकणें, अशानें तें होतें. ठोकणारे पुष्कळ असतात, थांबून ऐकणारे थोडे. गणिताचें उदाहरण असो, निबंध असो वा पेटीवरील सराव असो, आपलें काय चुकलें हें ऐकण्याची संवय ज्यानें लावून घेतली त्याची जुळवणी कधीं ना कधीं होतेच.

आणि पालकांस एक नम्र विनंति. घरांत मूल एखादा डबा, ताट किंवा पत्रा बडवीत बसलें म्हणजे आपणांस त्रास होतो, हें खरें. तो त्याच्या हातांतून काढून घेण्याचा अधिकारहि आपला आहे. पण काढून घेण्यापूर्वीं क्षणभर थांबून ऐकावें. तें नुसतेंच बडवीत आहे, कीं ठोक्यामागून ठोका देत कांहीं शोधीत आहे, हें ओळखण्यास फार वेळ लागत नाहीं.